विसरलेले पैसे, बुडवलेले पैसे

गेल्या वर्षी एका चर्चासत्राहून परतताना आम्ही दोघे सोलापूर रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर थांबलो. दोन हजारांचे पेट्रोल भरून घेतले, फोन काढला, कोडवर धरला, आकडा घातला. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले. पंपावरच्या तरुणाचे लक्ष मागे उभ्या असलेल्या टेम्पोकडे गेले होते, टेम्पोवाला कर्कश हॉर्न वाजवत होता, आणि सकाळच्या सत्रातल्या एका निबंधावरून आमच्यात पेटलेला वाद पंपावर येऊनही विझला नव्हता. गाडी कधी सुरू केली आणि कधी रस्त्याला लागलो ते कळले नाही. बावीस किलोमीटर पुढे चहासाठी थांबलो तेव्हा बँकेचा संदेश दिसला : व्यवहार अयशस्वी. आम्ही परत फिरलो. परतीच्या वाटेवर मात्र त्या निबंधाचा विषय कोणी काढला नाही.

प्रस्तुत लेख त्या बावीस किलोमीटरांविषयी आहे. त्या अंतरात आम्ही कोण होतो, हा प्रश्न वरवर पाहता थट्टेचा वाटेल. पण त्याचे उत्तर शोधताना इंग्लंडच्या न्यायालयांना जवळजवळ दहा वर्षे घाम फुटला होता आणि शेवटी संसदेला एक स्वतंत्र गुन्हा निर्माण करावा लागला होता, हे आम्हांला नंतर वाचताना समजले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी कायद्याच्या इतिहासात का डोकवावे, अशी शंका कोणी घेईल. हेतू, कृती आणि कथन यांचा संबंध हा जर आपला विषय असेल, तर तो न्यायालयांइतका बारकाईने दुसऱ्या कुठे तपासला गेला आहे, असे आम्हांला वाटत नाही.

आरंभ भाषेपासून करू. या प्रसंगासाठी मराठीत दोन अगदी वेगळ्या घडणीची वाक्ये आहेत. ‘आम्ही पैसे बुडवले’ आणि ‘आमच्याकडून पैसे द्यायचे राहून गेले’. पहिल्या वाक्यात कर्ता ठामपणे उभा आहे आणि क्रियापद सकर्मक आहे. कोणीतरी कोणाचे तरी काहीतरी बुडवले आहे. दुसऱ्यात कर्ता ‘आमच्याकडून’ असा कडेला सरकला आहे आणि क्रिया जणू स्वतःच राहून गेली आहे. ‘विसर पडला’ या प्रयोगात तर विसर हाच कर्ता होतो आणि माणसावर तो पाऊस पडावा तसा पडतो. मराठी माणूस अडचणीत आला की पहिल्या रचनेतून दुसऱ्या रचनेत किती चपळाईने उडी मारतो, हे परीक्षेच्या दिवसांत कोणत्याही प्राध्यापकाला ऐकायला मिळते. पंपावरचा माणूस मात्र या दोहोंपैकी एकही वाक्य वापरत नाही. तो म्हणतो, ‘गाडीवाला पळाला.’ गाडी दिसेनाशी होण्याच्या क्षणी त्याच्यापुढे पुरावा तेवढाच असतो. तीन वाक्ये, घटना एक. आणि यांतले कोणते खरे मानायचे, हे ठरवायचे असेल तर चालकाच्या मनात शिरावे लागते.

मनात न शिरताही निवाडा करता येतो, याचे एक थोर उदाहरण महाभारताच्या शांतिपर्वात आहे. शंख आणि लिखित हे दोघे भाऊ बाहुदा नदीच्या काठी वेगवेगळ्या आश्रमांत राहतात. लिखित भावाच्या आश्रमात जातो, शंख घरी नसतो, लिखित झाडाची पिकलेली फळे काढून निर्धास्तपणे खात बसतो. शंख परत येऊन विचारतो, ही फळे कुठली? लिखित हसत सांगतो, इथलीच. शंख म्हणतो, तू चोरी केलीस. राजाकडे जा आणि दंड माग. सुद्युम्न राजा क्षमा करायला तयार असतो, पण लिखित दंडाचाच आग्रह धरतो आणि त्याचे हात तोडले जातात. पुढे नदीत तर्पण करताना ते हात परत येतात, ही कथेची सुखान्त बाजू. आमचे लक्ष वेधून घेते ते लिखिताचे हसणे. त्याने काही लपवले नाही, तो पळाला नाही, आपण दुसऱ्याचे काही घेत आहोत ही जाणीवही त्याला नव्हती. तरीही भाऊ त्याला चोर म्हणतो आणि तो स्वतःही ते मान्य करतो. हेतूचा प्रश्न त्या कथेत कोणी विचारतच नाही. व्यासांनी ही कथा युधिष्ठिराला राजधर्म पटवून देण्यासाठी सांगितली असल्यामुळे तिचा रोख दंडाच्या आवश्यकतेवर आहे, हे खरे; पण परंपरेने तिला नीतिकथा म्हणून जे मोठेपण दिले, त्यात लिखिताच्या निरागसतेची किंमत थोडी कमीच धरली गेली असे आमचे मत आहे.

आता पंपाकडे येऊ. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ यांनी नवऱ्याला न सांगता त्याची मोटार काढली आणि मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंतचा प्रवास केला. वाटेत व्हीसलोख या गावी त्यांनी इंधन घेतले ते एका औषधांच्या दुकानातून, कारण लिग्रोइन हे कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी तिथे मिळत असे. अमेरिकेत सिल्व्हेनस बाउझर यांनी १८८५ साली जो पंप बनवला तो मोटारींसाठी नव्हे, किराणा दुकानातल्या रॉकेलसाठी होता. मोटारीने थेट आत यावे, इंधन घ्यावे आणि बाहेर पडावे, अशा हेतूने बांधलेले स्थानक गल्फ कंपनीने १ डिसेंबर १९१३ रोजी पिट्सबर्गमध्ये उघडले; इंग्लंडमध्ये ऑटोमोबाइल असोसिएशनने १९१९ साली आल्डरमास्टन येथे पहिला पंप सुरू केला. या सर्व काळात एक गोष्ट समान होती. गिऱ्हाईक गाडीत बसून राही आणि दुसरा माणूस पेट्रोल ओतून खिडकीशी येऊन हात पुढे करी. पैसे देण्याची आठवण त्या हातात असे. आपण विसरलो तरी तो विसरत नसे.

हा हात काढून घेण्याची कल्पना पेट्रोलवाल्यांची नव्हे. मेम्फिसच्या क्लॅरेन्स साँडर्स यांनी १९१६ साली ‘पिग्ली विग्ली’ हे किराणा दुकान काढले आणि गिऱ्हाइकांना टोपल्या देऊन फळ्यांमध्ये मोकळे सोडले, तेव्हा ती सुरू झाली. स्वतः घ्या, स्वतः आणा, शेवटी एका ठिकाणी पैसे द्या. फ्रँक उरिच यांनी १९४७ साली लॉस एंजेलिसमध्ये तीच पद्धत पेट्रोलला लावली. गॅलनमागे काही सेंट वाचत होते आणि गिऱ्हाईक स्वतः खाली उतरून नळी धरायला तयार झाले. १९६१ साली लंडनच्या सदर्क पुलाजवळ ब्रिटनमधला पहिला स्वयंसेवा पंप आला. १९६४ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या वेस्टमिन्स्टर गावी पंप दुरून नियंत्रित करणारी यंत्रणा बसली, आणि दुकानाच्या आत बसलेला एकच माणूस बाहेरच्या सगळ्या नळ्या चालू-बंद करू लागला. सगळ्यांनी हे मुकाट्याने स्वीकारले असे नाही. न्यू जर्सी राज्याने १९४९ साली कायदा करून गिऱ्हाइकाला स्वतः पेट्रोल भरायला बंदी घातली, ती आजतागायत टिकून आहे; ओरेगॉनने १९५१ पासून घातलेली बंदी २०२३ मध्ये उठवली. बंदीची कारणे आगीच्या भीतीची सांगितली गेली. त्यामागे छोट्या पंपमालकांचे हितसंबंध किती होते, हा अर्थशास्त्रज्ञांचा विषय. असो.

या बदलात एक बारीक गोष्ट घडली. पूर्वी पैसे देणे हा व्यवहाराचा नैसर्गिक शेवट होता. आता तो मधेच अडकवलेला वळसा झाला : उतरा, नळी लावा, टाकी भरा, झाकण लावा, मग गाडी तिथेच सोडून दुकानात जा, रांगेत उभे राहा, पैसे द्या, परत या. ज्या कामासाठी माणूस थांबला होता ते झाकण लावताच संपलेले असते. मानसशास्त्रज्ञ मायकेल बर्न आणि सुसान बोव्हेअर यांनी १९९७ साली अशा चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुख्य उद्दिष्ट साध्य झाले की त्यामागून येणारी पायरी मनातून गळते, असे त्यांचे म्हणणे. झेरॉक्स काढून मूळ कागद यंत्रातच विसरणारे आपण सगळे या गटातले. पैसे देणाऱ्या यंत्रांनी आधी कार्ड परत द्यावे आणि मग नोटा सोडाव्यात, ही रचना याच कारणासाठी शहाणपणाची ठरते. म्हणजे विस्मरणाला माणसाच्या स्वभावाइतकीच पायऱ्यांची मांडणीही जबाबदार असते.

फ्रॉईड यांना हे उत्तर मान्य झाले नसते. दैनंदिन जीवनातल्या चुकांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९०१ साली प्रथम प्रकाशात आला. विस्मरणाच्या प्रकरणात ते पैसे द्यायला विसरण्याचा मुद्दा घेतात आणि स्वतःलाही सोडत नाहीत. ओळखीच्या तंबाखूवाल्याकडून पैसे न देता निघाल्याची हकिगत सांगून ते कबूल करतात की आदल्या दिवशी घरखर्चाचे विचार डोक्यात घोळत होते. सभ्य म्हणवणाऱ्या माणसांतही पैशाच्या बाबतीत एक दुभंग असतो, असे ते सुचवतात. आमच्यापैकी एकाला हे पटते, दुसऱ्याला नाही. ज्याला पटते त्याचे म्हणणे असे, की आम्ही पंपावर दोन हजार घेणार होतो तेव्हा ‘फार झाले’ असे एकजण पुटपुटला होता. दुसऱ्याला ते आठवत नाही. (फ्रॉईडवादी याला लगेच पुरावा म्हणतील.) वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : फ्रॉईड यांचे म्हणणे खरे असेल, तर ‘विसरलो’ आणि ‘बुडवले’ यांमधली भिंत फार पातळ आहे, आणि कायद्याने ती भिंत कुठे बांधावी?

इंग्लंडमध्ये १९६८ साली चोरीचा नवा कायदा झाला. जुन्या गुंतागुंतीच्या व्याख्या टाकून देऊन त्याने चोरीची सुटसुटीत व्याख्या केली : दुसऱ्याच्या मालकीची वस्तू, ती त्याला कायमची पारखी करण्याच्या हेतूने, अप्रामाणिकपणे आपलीशी करणे. व्याख्या साधी होती, आणि पेट्रोल तिच्या फटीतून गळून गेले. १९७२ च्या ग्रीनबर्ग खटल्यात आरोपीने पैसे देण्याच्या इराद्याने टाकी भरली, मग विचार बदलला आणि तो निघून गेला. चोरी नाही, असे ठरले. कारण अप्रामाणिक विचार मनात आला तोवर पेट्रोल त्याच्याच मालकीचे झाले होते, आणि स्वतःची वस्तू चोरता येत नाही. १९७६ च्या एडवर्ड्ज विरुद्ध डिन या खटल्यात तर पंपावरच्या माणसानेच पेट्रोल आणि थोडे तेल भरून दिले होते; त्याची पाठ वळताच गिऱ्हाईक निघून गेले. न्यायालयाने विक्रीच्या कायद्याचा आधार घेतला. टाकीत आधीपासून असलेल्या पेट्रोलमध्ये नवे पेट्रोल मिसळले की ते वेगळे काढता येत नाही. विक्रेत्याने मालकी राखून ठेवलेली नाही. म्हणजे मालकी गेली. पुन्हा चोरी नाही. त्याच सुमारास मॅक्ह्यू खटल्यात मात्र शिक्षा कायम राहिली, कारण तिथे आरोपीचा सुरुवातीपासूनच पैसे न देण्याचा बेत होता.

या निकालांची गंमत वाचकांच्या लक्षात येईल. तीन माणसे. तिघांनीही पेट्रोल भरून घेतले, तिघेही पैसे न देता गेले. चोर कोण, हे ठरते विचार कोणत्या क्षणी मनात आला त्यावरून. नळीतून पहिला थेंब पडण्याआधी की शेवटचा थेंब पडल्यानंतर. कादंबरीकाराला हा प्रश्न सोपा आहे, तो पात्राच्या डोक्यात बसलेला असतो. न्यायाधीशाला बाहेरून पाहावे लागते.

बाहेरून पाहताना कथा रचण्याचा मोह कसा होतो, हे रे खटल्यात दिसते. १९७१ सालच्या सप्टेंबरात गेन्सबरो गावातल्या एका चिनी उपाहारगृहात पाच तरुण जेवले. जेवण उत्तम होते, तक्रार काही नव्हती. जेवून झाल्यावर त्यांनी पैसे न देण्याचे ठरवले, वाढपी आत जाईपर्यंत दहा मिनिटे बसून राहिले आणि मग पळाले. रे या तरुणाच्या वाट्याचे बिल ४७ पेन्स होते. या ४७ पेन्सांचा प्रश्न उमरावांच्या सभागृहापर्यंत गेला. फसवणूक सिद्ध करायची तर आरोपीने काहीतरी खोटे सांगितलेले हवे, आणि हे तर काही बोललेच नव्हते. १९७३ साली तीन विरुद्ध दोन मतांनी असे ठरले की नुसते खुर्चीवर बसून राहणे हेही एक विधान आहे. जेवायला आलेला माणूस बसल्या क्षणापासून ‘मी पैसे देणारा गिऱ्हाईक आहे’ असे अखंड सांगत असतो. मनातला बेत बदलल्यावरही तो उठत नाही तेव्हा ते विधान खोटे होते आणि वाढपी त्याला फसतो. मौनाच्या इतक्या सूक्ष्म वाचनाबद्दल कोणत्याही समीक्षकाने न्यायमूर्तींना दाद द्यावी. पण विरुद्ध मत देणाऱ्या दोघांना हा अर्थ ओढूनताणून आणलेला वाटला, आणि आमचा कलही त्यांच्याकडे आहे. ज्या कलमाखाली हे सर्व चालले होते त्याला एका न्यायमूर्तींनी त्याआधीच दुःस्वप्न म्हटले होते.

फौजदारी कायदा सुधारणा समितीने १९७७ साली आपला तेरावा अहवाल दिला आणि १९७८ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने ही कोंडी फोडली. गुन्ह्याचे नाव ‘पैसे न देता निघून जाणे’. चोरी नाही, फसवणूक नाही. मालकी कोणाची झाली, कोण काय बोलले, विचार केव्हा बदलला, हे प्रश्न मसुदाकारांनी शांतपणे बाजूला ठेवले. जागच्या जागी पैसे देणे अपेक्षित आहे हे माहीत असूनही, अप्रामाणिकपणे, ते टाळण्याच्या हेतूने निघून जाणे, एवढे पुरे. कमाल शिक्षा दोन वर्षे. १९८५ साली हॉटेलचे बिल न देता गेलेल्या एका पाहुण्याच्या खटल्यात उमरावांच्या सभागृहाने आणखी स्पष्ट केले की टाळणे म्हणजे कायमचे टाळणे. उशिरा का होईना देण्याचा खरा इरादा असेल तर हा गुन्हा होत नाही. म्हणजे विसरून गेलेला चालक या कलमाच्या तावडीतून तीनदा सुटतो. त्या क्षणी त्याला जाणीव नाही, अप्रामाणिकपणा नाही आणि हेतूही नाही. आम्हांला हा मसुदा लेखनाचा एक नमुना म्हणून आवडतो. जे सिद्ध करता येणार नाही ते त्याने मागितले नाही. पण विसरणाऱ्याला वाचवण्यासाठी जे हवे तेही सोडले नाही.

कागदावर सुटणे आणि प्रत्यक्षात सुटणे यांत मात्र अंतर आहे. या सगळ्या वाचनात आमच्या मनात घर करून राहिली ती पेट्रोलशी संबंध नसलेली एक घटना. १९७२ साली अहवालांत प्रसिद्ध झालेल्या क्लार्क खटल्यातली गृहिणी स्वयंसेवा दुकानात गेली. काही वस्तू तिने टोपलीत ठेवल्या आणि तीन वस्तू स्वतःच्या पिशवीत टाकल्या : कॉफीची बरणी, लोणी आणि मिन्समीट, म्हणजे नाताळच्या पक्वान्नांत घालतात ते सुक्या फळांचे गोड सारण. टोपलीचे पैसे दिले, पिशवीचे राहून गेले. ती नैराश्याने ग्रासलेली होती. घरात साखर शीतकपाटात ठेवण्यासारख्या गोष्टी तिच्या हातून होत असत. मिन्समीट तर त्या घरात कोणी खातही नव्हते. माझे लक्ष नव्हते, एवढेच तिचे म्हणणे. वैद्यकीय साक्ष ऐकून खालच्या न्यायाधीशांनी निष्कर्ष काढला की हा बचाव वेडेपणाचा आहे. त्या काळच्या कायद्याप्रमाणे वेडेपणामुळे निर्दोष ठरणाऱ्याची रवानगी रुग्णालयात होई. तेव्हा त्या बाईने आपले म्हणणे मागे घेतले आणि चोरीचा गुन्हा कबूल केला.

वेडी ठरण्यापेक्षा तिने चोर ठरणे पत्करले. विसरणे ही तिसरी शक्यता तिला कोणी दिलीच नव्हती. अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. विचारशक्ती शाबूत असून गोंधळाच्या किंवा बेसावधपणाच्या क्षणी जे तिचा पुरेसा वापर करत नाहीत, त्यांना वेडेपणाचा नियम लागू नाही, असे त्या निकालाचे सार आहे. आम्हां दोघांना वाटते की विस्मरणाला कायद्याच्या भाषेत स्वतःचे नाव मिळण्याच्या इतिहासात या निकालाचे स्थान १९७८ च्या कलमाइतकेच मोलाचे आहे. वर्गात लिखिताची कथा शिकवताना आम्ही आता ही कथाही सांगतो.

ब्रिटनमध्ये पुढे बेत करून पळणारे आणि विसरून जाणारे यांना वेगळे काढण्यासाठी कारकुनी वाटा निघाल्या. पाकीट घरी राहिले असेल तर पंपावर एक अर्ज भरून द्यायचा आणि काही दिवसांत पैसे भरायचे. नुसतेच निघून गेलेल्याचा गाडी क्रमांक कॅमेऱ्यात असतो. वाहन नोंदणी कार्यालयाकडून मालकाचा पत्ता मिळवून पंपवाले त्याला आधी पत्र धाडू शकतात. विसरणाऱ्याला पत्र मिळते, तो चरफडतो, पैसे भरतो.

कॅनडात हा इतिहास वेगळ्या वळणाने गेला. ८ मार्च २००५ च्या रात्री ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या मेपल रिज गावी पंपावर एकटा काम करणारा २४ वर्षांचा ग्रँट डी पाटी १२ डॉलर ३० सेंटचे पेट्रोल घेऊन निघालेल्या गाडीला अडवायला पुढे झाला. गाडीखाली सापडून तो कित्येक किलोमीटर फरफटत गेला आणि मरण पावला. त्याच्या आईवडिलांनी लढा दिला, आणि फेब्रुवारी २००८ पासून त्या प्रांतात पेट्रोल घेण्याआधी पैसे देणे सक्तीचे झाले. लोक त्या नियमाला ग्रँटचा कायदा म्हणतात. आल्बर्टा प्रांतानेही २०१८ साली तोच मार्ग धरला. पैसे आधी घेतले की विसरण्याचा प्रश्न उरत नाही आणि पळण्याचाही. १९४७ साली सुरू झालेल्या पद्धतीत गिऱ्हाइकावर जो विश्वास टाकलेला होता तो मागे घेतला गेला, हे खरे. त्याची हळहळ आम्हांला वाटत नाही. त्या विश्वासाची जोखीम रात्रपाळीच्या एकट्या पोराने उचलावी, हे मुळातच कोणी ठरवले होते?

आपल्याकडची गोष्ट निराळी आहे. भारतात पंपावर माणूस अजून उभा आहे, नळी त्याच्या हातात आहे. भारतीय दंड संहितेतली चोरीची व्याख्या इंग्रजी व्याख्येपेक्षा शंभर वर्षांनी जुनी. १८३७ चा मसुदा मेकॉले यांच्या नेतृत्वाखाली झाला आणि १८६० मध्ये कायदा आला. मेकॉले हे गद्यकार होते, आणि कलमाखाली छोट्या गोष्टी जोडण्याची त्यांची रीत कायद्याच्या वाङ्मयात अपूर्वच म्हणावी लागेल. चोरीच्या कलमाखाली एक घड्याळाची गोष्ट आहे. ‘अ’ आपले घड्याळ ‘य’ या घड्याळजीकडे देतो. दुरुस्तीचे पैसे द्यायचे आहेत, घड्याळजीने तोवर घड्याळ हक्काने ठेवून घेतले आहे, आणि ‘अ’ ते पैसे बुडवण्यासाठी घड्याळ उचलून नेतो. घड्याळ त्याचेच आहे. तरीही ही चोरी. कारण इथे चोरी मालकीविरुद्ध नसून ताब्याविरुद्ध आहे. जिथे इंग्लंडचे न्यायाधीश अडले, ‘स्वतःची वस्तू चोरता येत नाही’, ते दार मेकॉले यांनी १३० वर्षे आधीच उघडे ठेवले होते. अर्थात पेट्रोलची अडचण त्यानेही पूर्ण सुटत नाही, कारण पंपावरच्या माणसाने ते राजीखुशीने आपल्या टाकीत घातलेले असते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. व्याख्येचा गाभा तोच राहिला, घड्याळही राहिले. विसरणाऱ्याला तिथेही भीती नाही, कारण अप्रामाणिक हेतू हा त्या व्याख्येचा पहिलाच शब्द आहे.

तेव्हा त्या बावीस किलोमीटरांत आम्ही, निदान कायद्याच्या दृष्टीने, कोणीही नव्हतो. पंपावर परत पोहोचलो तेव्हा तो तरुण आम्हांला ओळखून पुढे आला. “दादा, मघाशी पैसे गेलेच नाहीत,” असे म्हणून आम्ही रोख दोन हजार पुढे केले. त्याने खिशातून एक छोटी वही काढली. त्यात आमच्या गाडीचे शेवटचे चार आकडे आणि पुढे दोन हजार असे लिहिलेले होते. “सर, संध्याकाळी हिशेबाला बसलो की माझ्यावरच आले असते,” तो म्हणाला. रागावला नव्हता. महिन्यातून एखादी गाडी अशी जातेच, असेही त्याने सांगितले.

घरी आल्यावर आम्ही १९३६ चा वेतन प्रदान कायदा काढून पाहिला. नोकराला ज्या पैशांचा हिशेब द्यायचा आहे ते त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे बुडाले असतील, तरच मालकाला ती रक्कम पगारातून कापता येते, आणि तीही त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतर. २०१९ च्या वेतन संहितेतही ही तरतूद जवळजवळ तशीच आहे. हयगय हा शब्द आम्ही दोघांनी पुन्हा वाचला. त्या दुपारी ती आमची होती. वहीत ती त्याच्या नावावर लिहिली गेली होती, आणि आम्ही चहाला थांबलो नसतो तर तशीच राहिली असती. त्याने पेन काढून ते चार आकडे खोडले, दोन हजार खोडले, आणि टेम्पोंच्या रांगेकडे गेला.